नेपियरचा मुरघास आणि त्यात काय घालायचं : गोठ्यावरच्या प्रकल्प नोंदी

९ ऑगस्ट २०२५, कडेगाव तालुका

टेंभू सिंचन योजनेचं पाणी आल्यापासून आमच्याकडं हत्तीगवत म्हणजे नेपियर भरपूर आहे. पावसाळ्यात तर कापून संपत नाही, डोक्याच्या वर जातं, जून होतं, दांडा कडक झाला की गाई नुसती पानं ओढून खातात आणि दांडे गव्हाणीत तसेच पडून राहतात. आणि तेच मार्च ते मे मध्ये एकेक पेंढी मोजून टाकायची वेळ येते. ह्या पट्ट्यात वैरणीची किंमत कुणाला वेगळी सांगायला नको, २०१२-१३ ला आणि परत २०१८-१९ ला माण, आटपाडी, जत भागात जनावरांच्या चारा छावण्या होत्या, आबा अजून त्यावर बोलतात. म्हणून पावसाळ्यातलं जास्तीचं गवत मुरवून उन्हाळ्याला ठेवायचं, एवढाच हा प्रकल्प. मुरघास म्हणजे ओला चारा दाबून हवाबंद ठेवायचा, जिवाणू त्यातल्या साखरेचं आम्ल करतात आणि त्या आंबटपणानं चारा टिकतो.

मक्याचा मुरघास आमच्याकडं सगळेच करतात आणि तो बहुतेक वेळा जमतोच, कारण मका चिकात असताना कापला की त्यात साखर पण असते आणि ओल पण बेताची असते. नेपियरचं तसं नाही. आजूबाजूला ज्यांनी ज्यांनी नेपियरचा खड्डा भरला त्यातल्या बऱ्याच जणांचा माल काळपट, चिकट आणि घाण वासाचा निघाला, आणि मग लोक म्हणतात गवताचा मुरघास होतच नाही. होतो, पण त्याला वरून काहीतरी द्यावं लागतं आणि ते नेमकं काय, किती, आणि कधी नाही, हे मला आमच्याच गवतावर करून बघायचंय. मोठा खड्डा भरायच्या आधी २०० लिटरच्या निळ्या ड्रममध्ये.

११ ऑगस्ट

आज गवताची ओल मोजली. १०० ग्रॅम कुट्टी (बारीक कापलेलं गवत) मायक्रोवेव्हमध्ये, बाजूला पाण्याचा एक ग्लास ठेवून (नाहीतर कुट्टी जळते), थोडा थोडा वेळ फिरवायची, वजन करायचं, परत फिरवायची, वजन कमी व्हायचं थांबलं की झालं. १७ ग्रॅम राहिलं. म्हणजे कोरडा भाग १७ टक्के आणि बाकी ८३ टक्के पाणी. मुरघासाला कोरडा भाग ३० च्या आसपास हवा, निदान २५ तरी. २५ च्या खाली गेलं की खालून पाणी सुटतं आणि जे जिवाणू आपल्याला नको असतात, क्लॉस्ट्रिडियम, त्यांना अशी ओलच लागते. ते मातीतून येतात, आंबटपणा लवकर वाढला नाही की जोर धरतात आणि ब्युटिरिक आम्ल तयार करतात, तोच तो कुजकट वास जो हाताला दोन दोन दिवस राहतो.

मूठ दाबून बघितली तरी कळतं. कुट्टी मुठीत घट्ट आवळायची आणि सोडायची, गोळा तसाच राहिला आणि बोटातून रस गळला तर लई ओली. गोळा हळूहळू उलगडला तर बरोबर. आमची तर गळत होती.

भाऊजींचा द्राक्षाची गोडी मोजायचा ब्रिक्स मीटर होता, तो पण आणला. गवताचा रस पिळून थेंब टाकला, सकाळी ३ दाखवलं आणि दुपारी चारला ५. ब्रिक्स म्हणजे नेमकी साखर नाही, रसात विरघळलेलं सगळंच त्यात येतं, पण सकाळ-दुपारचा फरक खरा आहे, दिवसभर ऊन खाऊन पानात साखर साठते आणि रात्री झाड ती वापरून टाकतं. म्हणजे मुरघासाचं गवत कापायचं ते दुपारनंतर, वहिनी आणि मी सकाळी कापतो ते रोजच्या वैरणीचं.

१४ ऑगस्ट

आबा म्हणाले, "एवढं कशाला मोजत बसलीस, गूळ-मीठ-ताक घाल की, सगळेच घालत्यात." आपल्याकडं जो फॉर्म्युला फिरतो तो असा, एक टनाला २ किलो गूळ, १ किलो मीठ, १ किलो मिनरल मिक्श्चर, १ लिटर ताक, आणि काही जण १ किलो युरिया पण सांगतात. मका असो, कडवळ असो, नेपियर असो, सगळ्याला तेच.

मी बसून हिशोब केला. गवत नीट आंबायला ओल्या वजनाच्या साधारण ३ टक्के साखर लागते, म्हणजे टनाला ३० किलो. आपलं नेपियर उष्ण भागातलं गवत, थंड देशातल्या रायग्राससारखी साखर त्यात साठत नाही. आमच्यात दीड टक्का आहे असं धरलं तरी १५ किलो कमी पडते. आणि फॉर्म्युल्यातला २ किलो गूळ देतो दीड-पावणेदोन किलो. पंधरा किलोच्या जागी पावणेदोन! मक्याला गरजच नसते म्हणून तिथं हा फॉर्म्युला चालल्यासारखा वाटतो, नेपियरला तो पुरणार कसा. बाहेरच्या पुस्तकात मळी २ ते ४ टक्के सांगतात ते ह्याच हिशोबानं, मळीत साखर साधारण निम्मी असते, ३० किलो मळी म्हणजे १५ किलो साखर. आपल्याकडं एवढे कारखाने असून मळी काही सहज डब्यात भरून आणता येत नाही, तिच्यावर उत्पादन शुल्क खात्याचं नियंत्रण आहे. म्हणून गूळच. खायचा चांगला गूळ नको, गुऱ्हाळावर काळा, नरम, विकायला न जाणारा मिळतो तो चालतो. टनाला १८-२० किलो.

युरिया मी ह्यात घालणार नाही. युरियाचा अमोनिया होतो आणि अमोनिया आंबटपणा मारतो, ज्या गवतात आधीच आंबटपणा चढत नाही त्यात तो घालणं म्हणजे उलटा कारभार. मक्यात प्रोटीन कमी असतं आणि साखर पुरेशी, तिथं युरियाला अर्थ आहे. तसंच शेताला दिलेला युरिया पण बघायला लागतो, नुकताच युरिया फेकलेलं गवत हिरवंगार दिसतं पण त्यात नायट्रेट जास्त आणि साखर कमी असते. आमचा हप्ता देऊन महिना होऊन गेलाय म्हणून हाच प्लॉट घेतला.

१७ ऑगस्ट

आज जिवाणूंचं. दुकानात मुरघास कल्चर मिळतं, पाकिटावर नाव असतं लॅक्टोबॅसिलस प्लांटारम, कधी सोबत बुकनेरी. दोघांची कामं वेगळी आहेत आणि हे दुकानदार सहसा सांगत नाही. प्लांटारम साखरेचं झपाट्यानं लॅक्टिक आम्ल करतो, म्हणजे सुरुवातीचे दिवस तो सांभाळतो. बुकनेरी सावकाश, त्याला दीड-दोन महिने लागतात, तो लॅक्टिकमधून थोडं ॲसिटिक आम्ल करतो आणि त्यामुळं बॅग उघडल्यावर माल लवकर गरम होत नाही, बुरशी आणि यीस्ट दबून राहतं. पाकीट घेताना बघायची गोष्ट एकच, एक ग्रॅम चाऱ्याला निदान १ लाख जिवंत जिवाणू पडले पाहिजेत. टनात दहा लाख ग्रॅम, म्हणजे टनाच्या डोसमध्ये १० हजार कोटी. पाकिटावर हा आकडा नसेल तर ती नुसती पावडर आहे असं समजायचं. पाकीट फ्रिजमध्ये ठेवायचं, आणि क्लोरीनच्या नळाच्या पाण्यात कालवायचं नाही, विहिरीचं घ्यायचं.

ताकातले जिवाणू दुधावर वाढलेले, गवतात ते किती टिकणार हा प्रश्न मला आधीपासून होता. त्यापेक्षा गवतावर राहणारे जे आहेत तेच वाढवले तर? जपानमध्ये ही पद्धत वापरली गेलीय आणि घरी सहज होते. २०० ग्रॅम ताजं गवत १ लिटर पाण्यात मिक्सरला फिरवायचं, फडक्यातून गाळायचं, त्यात २ टक्के साखर म्हणजे लिटरला २० ग्रॅम, बाटली गळ्यापर्यंत भरून झाकण लावून दोन दिवस उबेला. थोडा गॅस होतो म्हणून झाकण अगदी आवळून नाही. मग टनाला १० लिटर शिंपडायचं. आत्यांना सांगितलं तर म्हणाल्या, "म्हंजे गवताचं इरजणच की." हो, तेच. बाटल्या चुलीजवळच्या फळीवर ठेवल्यात, गाळलेला रस हिरवा होता तो आता पिवळट व्हायला लागलाय आणि वास कैरीच्या पन्ह्याकडं जाणारा.

२३ ऑगस्ट

मधले दिवस पावसानं शेतात पाय ठेवू दिला नाही. विरजण फ्रिजमध्ये थांबवून ठेवलं होतं. काल उघडीप मिळाली आणि काल दुपारी निम्मं गवत कापून शेडमध्ये आणि बाहेर ताडपत्रीवर उभं करून ठेवलं, बाकीचं आज दुपारी ताजं कापलं.

सुकवण्याबद्दल एक सांगते. १७ टक्क्याचं गवत २५ टक्क्याला आणायचं म्हणजे टनातून ३२० लिटर पाणी उडवायचं. श्रावण-भाद्रपदात ते एका दिवसात होत नाही, आणि नेपियरचा दांडा जाड, पानं सुकतात आणि दांडा रसरशीत राहतो. आमचं आज मोजलं तर २२ आलं. म्हणून एका ड्रममध्ये सुकवलेल्या गवतात कडबा कुट्टी मिसळली. सगळंच काम कोरड्या चाऱ्यानं करायचं म्हटलं तर टनाला सव्वाशे किलो कडबा कुट्टी किंवा भरडा लागतो, पण आधी सुकवलं तर निम्म्याहून कमीत भागतं.

ड्रम असे भरले. एक नुसत्या ताज्या गवताचा, काही न घालता. एक गावातल्या फॉर्म्युल्याचा. एकात नुसतं दुकानातलं कल्चर. एकात टनाला २० किलोच्या हिशोबानं गूळ, एकात तेवढाच गूळ अधिक आमचं विरजण. आणि शेवटचा सुकवलेलं गवत, कडबा कुट्टी, विरजण आणि गूळ निम्माच. सगळी कुट्टी दीड-दोन सेंटीमीटरची, ह्याच्यापेक्षा लांब ठेवली तर नेपियर दबत नाही. एका ड्रमला १२० किलोच्या आसपास बसलं, म्हणजे घनमीटरला ६०० किलो, एवढं तरी दबलंच पाहिजे. पोरं आत उतरून नाचत होती, पाय धुऊन, माती आत जाऊ द्यायची नाही.

गूळ अगदी थोड्या गरम पाण्यात विरघळवला, आधीच ओलं गवत त्यात बादलीभर पाणी ओतण्यात अर्थ नाही. आणि गार झाल्यावरच विरजण मिसळलं. पाठीवरच्या पंपानं थराथरावर मारलं, वरून ओतलं की एकाच जागी बसतं. ज्या पंपानं तणनाशक मारतो तो नाही, वेगळा. मिनरल मिक्श्चर कुठल्याच ड्रममध्ये घातलं नाही, फॉर्म्युल्याचा सोडून. त्याचा आंबण्याशी संबंध नाही, ते रोज दावणीला खुराकातून देता येतं.

२७ ऑगस्ट, गणपती आले

ड्रमच्या तळाला कॉक बसवलेत, सकाळी उघडून पाणी बादलीत घ्यायचं, मोजायचं, लगेच बंद. नुसत्या गवताच्या ड्रममधून सगळ्यात जास्त, तपकिरी आणि उग्र. गुळाच्या दोन्ही ड्रममधून पण भरपूर येतंय आणि ह्याचं मला वाईट वाटतं कारण त्याच्याबरोबर आपला गूळच वाहतोय. सुकवलेल्या ड्रमची बादली जवळजवळ कोरडी. हे पाणी विहिरीकडं किंवा ओढ्याला जाऊ देऊ नका, ते पाण्यातला ऑक्सिजन खाऊन टाकतं, मासे मरतात, आणि लोखंड-सिमेंट पण खातं. आम्ही दसपट साधं पाणी घालून उसाच्या सरीत सोडलं.

२ सप्टेंबर

गौरी जेवल्या, माणसं मोकळी झाली, आज थोडं वाचलं. गवताचा ओला मुरघास टिकवायची धडपड काही आजची नाही. फिनलंडचे आर्तुरी विर्तानेन यांना १९४५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं त्यात चारा टिकवण्याच्या त्यांच्या पद्धतीचा खास उल्लेख आहे. त्यांनी हायड्रोक्लोरिक आणि सल्फ्युरिक आम्ल पातळ करून थेट चाऱ्यावर मारलं, सामू (म्हणजे pH, जितका कमी तितकं आंबट) ४ च्या खाली आणला, म्हणजे जिवाणू आम्ल तयार करतील ह्याची वाट बघायचीच नाही. तिकडं ऊन नाही, गवत ओलं, दूध मात्र हिवाळाभर पाहिजे. अडचण आपल्या पावसाळ्यासारखीच! नंतर त्याच्या जागी फॉर्मिक ॲसिड आलं, युरोपच्या उत्तर भागात ते अजून वापरतात. मला वाचून फार बरं वाटलं, की वैरणीच्या कामाला एवढा मान मिळालाय. पण आम्ही आम्ल वापरणार नाही. फॉर्मिक ॲसिड कातडी भाजतं, वाफ डोळ्यात-छातीत जाते, आणि आमच्याकडं कुट्टीपाशी लहान पोरं असतातच.

११ ऑक्टोबर

उघडले. सात आठवडे झाले. सामू मोजायला २५ ग्रॅम मुरघास २२५ मिली डिस्टिल्ड पाण्यात घालून हलवायचा, थोडा वेळ ठेवायचा आणि मग मीटर बुडवायचा. मीटर भाऊजींचाच, फवारणीच्या पाण्याचा.

नुसतं गवत ५.२. काळपट हिरवं, चिकट, आणि वास असा की आत्या लांबूनच माघारी फिरल्या. फॉर्म्युल्याचा ४.९, वास थोडा कमी पण तोच. नुसत्या कल्चरचा ४.७, ह्याच्याकडून दुकानदाराला फार आशा होती, पण जिवाणू कितीही चांगले असले तरी त्यांना खायला साखरच नसेल तर ते काय करणार. गुळाचा ४.२, पिवळसर हिरवा, आंबूस छान वास, तळाचा चार बोटं थर मात्र पाणचट. गूळ आणि विरजणाचा ४.०. आणि सुकवलेला, कडबा घातलेला, निम्म्या गुळाचा तो पण ४.० आणि तळापर्यंत एकसारखा, हातात घेतला तर हात ओला होत नाही. पिकलेल्या बोरासारखा वास. आबांनी मूठभर घेऊन हुंगला आणि काही न बोलता गव्हाणीत टाकला, मोठ्या जर्सीनं मान वर केली नाही.

पहिले दोन ड्रम उकिरड्यावर. वाया गेलं म्हणून गाभण जनावरांना घालू नका कुणी, असल्या मालात लिस्टेरिया नावाचा जिवाणू असू शकतो आणि गाभ जाऊ शकतो, शिवाय ब्युटिरिकमुळं नुकत्या व्यायलेल्या गाईला किटोसिस ह्या आजाराचा धोका वाढतो. कल्चरचा ड्रम पण घालवला, ४.७ आणि एवढी ओल, भरवसा नाही.

१५ ऑक्टोबर

उघडल्यानंतरची परीक्षा वेगळीच आहे. उघडलेल्या ड्रममध्ये थर्मामीटर खोचून ठेवले. गूळ जास्त घातलेला ड्रम तिसऱ्या दिवशी हाताला गरम लागायला लागला, कारण शिल्लक राहिलेली साखर हवा लागली की यीस्टचं जेवण होते. म्हणजे गूळ जास्त घातला की आंबवण चांगलं होतं पण उघडल्यावर लवकर संपवावं लागतं. सुकवलेल्याला जास्त वेळ मिळाला. आमच्या गोठ्याला बॅग रोज संपते, आम्हाला बुकनेरीची गरज नाही. ज्यांच्याकडं दोनच जनावरं आणि टनाची बॅग आहे त्यांनी मात्र बुकनेरी असलेलं कल्चर घ्यावं किंवा सरळ ५० किलोच्या बॅगा भराव्यात, मला विचाराल तर बॅगा. मीठ वरच्या थराला थोडं मारलं तर बुरशीला आळा बसतो, ते मी ठेवणार आहे.

धारेच्या आधी मुरघास घालू नका, वास दुधात उतरतो. धार काढून झाली की मग. सुरुवातीला गाईला ४-५ किलो आणि आठ-दहा दिवसांत वाढवत १५ पर्यंत, लहान वासरांना नाही.

८ नोव्हेंबर

खड्डा भरला. आता ऊन चांगलं आहे, काल दुपारी कापलेलं गवत आज दुपारपर्यंत २७ टक्क्याला आलं, कडबा लागलाच नाही. ऊन हे फुकटचं औषध आहे आणि ते मिळत असेल तर गूळ निम्मा करता येतो, आम्ही टनाला १० किलो घातला, आणि विरजण १० लिटर. काळा गूळ ३५ रुपयांनी मिळाला म्हणजे टनाला साडेतीनशे, विरजण जवळजवळ फुकट. ऑगस्टसारखं २० किलो घातलं असतं तर सातशे. एका दिवसात भरून, ट्रॅक्टरनं दाबून, संध्याकाळच्या आत कागद आणि वर माती. ट्रॅक्टरची चाकं आधी धुऊन घेतली. पहिले काही दिवस खड्ड्याच्या तोंडाशी वाकू नका, युरिया खाल्लेल्या गवतातून कधी कधी तपकिरी-पिवळा नायट्रोजन डायऑक्साइड सुटतो, तो जीवघेणा आहे.

२३ नोव्हेंबर

साखर कारखाने सुरू झालेत, वाडं (उसाचे हिरवे शेंडे) यायला लागलंय. शेजारच्या दोघांनी विचारलं की वाड्याच्या मुरघासाला पण २० किलो गूळ घालायचा का. अजिबात नाही. वाड्यात साखर आहे, तिथं उलटं होतं, साखर जास्त झाली की यीस्ट तिची दारू करतं आणि कस जातो, आख्ख्या उसाचा मुरघास केला तर हे फारच होतं. आणि वाड्यात प्रोटीन कमी. म्हणून तिथं युरिया टनाला ५ किलो, पाण्यात नीट विरघळवून, थराथरावर सारखा, आणि तो मुरघास फक्त मोठ्या जनावरांना. जोडीला बुकनेरीचं कल्चर. वाड्यात ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियम बांधून ठेवतं, म्हणून दुभत्या गाईला मिनरल मिक्श्चर चुकवायचं नाही.

पुढच्या रविवारी दोन टन वाडं येणार आहे. दोन ड्रम युरिया घालून, दोन बिनयुरियाचे, बाकी सगळं सारखं ठेवून भरायचं ठरलंय, जानेवारीच्या शेवटी उघडू आणि सामू, वास, तापमान इथंच लिहीन.